दलाल क्षमस्व

दसऱ्याच्या दिवशी भाऊकाकांच्या फाटकावर पाटी लागली. काळा पत्रा, पांढरा ऑइलपेंट, अक्षर काकांचं स्वतःचं: ‘मकान बेचना है। दलाल क्षमस्व।’

पहिला भाग हिंदी, कारण गिऱ्हाईक हिंदीच असणार. दुसरा मराठी, कारण ‘क्षमस्व’च्या तोलाचा शब्द हिंदीत नाही असं काकांचं ठाम मत. इंदूरच्या मराठी माणसाची भाषा अशीच असते. अर्धी गाडी या रुळावर, अर्धी त्या, आणि तरी गाडी वेळेवर पोचते. ही मात्र पोचली नाही. तिसऱ्या दिवशी एका गृहस्थांनी ॲक्टिवा लावली, फाटक वाजवलं आणि अदबीनं विचारलं, “दलाल क्षमस्व जी घर पर हैं क्या?”

काकांनी त्यांना ओटल्यावर बसवलं, क्षमस्व हे आडनाव नाही हे समजावलं, मग क्षम् धातू समजावला, मग पाणी दिलं. गृहस्थ जाताना म्हणाले, “आप महाराष्ट्रियन लोगों के सरनेम बड़े कठिन होते हैं.” घर बघायचं राहूनच गेलं.

काकांची एक स्वतंत्र जात आहे. ही माणसं तुमच्याही गल्लीत असतील. त्यांचं तत्त्वज्ञान तीन शब्दांत मावतं: “मधल्याचं काय काम?” काकांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट मधल्याकडून घेतलेली नाही. विम्याची पॉलिसी एजंटाकडून न घेता थेट शाखेत जाऊन घेतली. तिथल्या माणसानं त्यांना एजंटाचंच नाव सुचवलं तेव्हा दोन तास बसून राहिले आणि घेऊनच उठले. गणपतीची पूजा स्वतः सांगतात आणि स्वतःच करतात, म्हणजे ‘आचमन करा’ असं मोठ्यानं म्हणून आचमन करतात. लग्नसुद्धा असंच. मध्यस्थ, पत्रिका, मामा, कोणी नाही. पाहिलेल्या मुलीच्या वडिलांकडे एकटेच बस पकडून देवासला गेले. काकू सांगतात, “बाबांना वाटलं वीजबिलाचा माणूस आला.” तेही चूक नव्हतं, काका विद्युत मंडळात लेखा विभागातच होते.

भाजीवालीची मधली दलाली वाचवायला एकदा काका पहाटे स्कूटरवर चोइथराम मंडीत गेले. मंडीत भाजी किलोनं मिळत नाही. काका एक अख्खा कॅरेट टोमॅटो पायात धरून आले. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत आठ घरी टोमॅटोचं सार होतं. काकूंनी भाजीवालीला त्यातलेच दोन किलो दिले, आणि तिनं ते संध्याकाळी आम्हाला विकले.

तर अशा माणसानं घर विकायचं ठरवलं. कारण साधं होतं. मुलगा पुण्याला, गुडघे काकूंचे, जिना वडिलांनी बांधलेला. 1968 सालचं घर. खाली तीन खोल्या, वर दोन, मागे आंबा, पुढे ओटला. लिफ्टवाला एक फ्लॅट मुलानं तिकडे बघून ठेवला होता. तो फोनवर म्हणाला, “बाबा, एखाद्या ब्रोकरला सांगा, पंधरा दिवसांत होईल.” काका म्हणाले, “एक टक्का आपल्याकडून, एक टक्का समोरच्याकडून. दोन टक्के! कशाचे? कुलूप उघडायचे? कुलूप तर मीच उघडून राहिलो आहे.”

किंमत काकांनी वहीत काढली. ही वही मी पाहिली आहे. विद्युत मंडळाची जुनी लेजर, डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे. आधी कलेक्टर गाइडलाइननं जमिनीचा दर. मग बांधकाम, घसारा वजा जाता. मग आंबा, वयानुसार. मग ओटला, एक लाख रुपये वेगळे. मी म्हटलं, “काका, ओटला बांधकामात आला ना?” म्हणाले, “सिमेंट आलं. ओटला नाही आला.” शेवटी बेरीज आली एक कोटी चौदा लाख पस्तीस हजार सहाशे.

“सहाशे कसले?”

“पाटीचे. पत्रा आणि रंग.”

मुलानं पुण्याहून फोनवरूनच जाहिरात टाकून दिली. फोटो काकांनी काढले होते. दिवाणखान्याच्या फोटोत पंखा आणि काकांचा अंगठा. अंगणाच्या फोटोत वाळत घातलेल्या कुरडया आणि त्यांवर काठी उगारलेल्या काकू. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. सगळे एकाच वाक्यानं सुरू व्हायचे: “अंकल, पार्टी है मेरे पास.” म्हणजे दलाल. पाटी फाटकावर होती, फोनवर नव्हती. दुसरा कोणी असता तर फोन ठेवून दिला असता. काका प्रत्येकाला समजावत. “बेटा, तुम्हारे पास पार्टी है, मेरे पास घर है. हम दोनों मिल लेंगे, तुम बीच में क्या करोगे?” 2016च्या रेरा कायद्यानं नव्या प्रकल्पांतली घरं विकणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची केली, हे काकांनी पेपरात वाचलेलं. आपलं घर नव्या प्रकल्पातलं नाही हे ठाऊक असूनही ते प्रत्येकाला नोंदणी क्रमांक विचारत आणि वहीत रकाना भरत. बहुतेक रकाने रिकामे आहेत. एकानं मात्र क्रमांक दिला, तेव्हा काकांना इतका आनंद झाला की त्याला त्यांनी पोहे खायला बोलावलं.

पोह्यांचं प्रकरण इथून सुरू झालं. घर बघायला लोक सकाळी येत, कारण काकांच्या मते घर सकाळच्या उन्हातच बघावं. आणि इंदुरात सकाळी आलेल्या माणसाला पोहे न विचारणं म्हणजे त्याला आल्या पावली हाकलण्यासारखं. काकू घरी फोडणीचे करायच्या, दाणे घालून, वर खोबरं-कोथिंबीर. पण गिऱ्हाईक मालव्यातलं. त्याला वाफेवरचे, बडीशेप घातलेले, वर मूठभर शेव आणि जीरावण लागतात. शिवाय जिलबी. काका कोपऱ्यावरून पुडके आणू लागले. डाव्या पानावर ‘वाचलेली दलाली’ आणि उजव्या पानावर ‘पोहे, जिलबी, शेव’ असं खातं उघडलं गेलं. मार्गशीर्षापर्यंत उजवं पान उलटलं होतं.

लोक येत नव्हते असं नाही. येत होते, आणि बारा वाजेपर्यंत जात नव्हते. कारण घर दाखवण्याची काकांची पद्धत. गिऱ्हाईक फाटकात उभं असतानाच काका त्याला म्हणत, “पहले कमियाँ बता देता हूँ. मी काही लपवत नाही बुवा.” हे दुसरं वाक्य मराठीत का, ते त्यांनाच माहीत, खरं बोलायची वेळ आली की त्यांची हिंदी संपते. मागच्या भिंतीला ओल येते, पण फक्त श्रावणात. जिन्याची सातवी पायरी इतरांपेक्षा अर्धा इंच उंच आहे, गवंडी त्या दिवशी दुसरा होता. वरच्या खिडकीतून शेजाऱ्यांचं भांडण ऐकू येतं. शेजारी म्हणजे आम्ही. आणि स्वयंपाकघराशेजारी “मोरी बहुत बड़ी है.” काकांना म्हणायचं होतं की धुणंभांडी करायला ऐसपैस जागा आहे. हिंदी माणसाला मोरी म्हणजे गटार. स्वयंपाकघराला लागून भलंमोठं गटार आहे हे ऐकून एक कुटुंब पोहे टाकून गेलं.

पण खरा घात झाला तो साध्या प्रश्नानं. एक तरुण जोडपं, दोघंही विजयनगरकडे कुठल्याशा कंपनीत. घर आवडलेलं दिसत होतं. मुलीनं आंब्याला हात लावून पाहिला. मुलानं विचारलं, “अंकल, पानी का कैसा है?”

आता याचं उत्तर ‘नळ एक दिवसाआड येतो’ इतकं आहे. काका खुर्ची ओढून बसले आणि 1970 सालात शिरले. इंदूरला पाणी नव्हतं; नर्मदेचं पाणी आणा म्हणून शहर रस्त्यावर उतरलं, त्यात विद्यार्थी होते, मजूर होते आणि काका होते. सत्तरेक किलोमीटर दूर मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पाणी उचलायचं, मधे विंध्याचा चढ. नदी खाली, शहर वर. लोक म्हणत होते, वेडेपणा आहे. आठ वर्षं लागली. 1978मध्ये नर्मदा इंदुरात आली. काकांच्या वडिलांनी मोरीतला तोच नळ सोडला, पहिली लोटी देवाला ठेवली आणि दुसरीनं आंब्याला पाणी घातलं. “म्हणून हा आंबा नर्मदेचा आहे,” काका म्हणाले, आणि मुलाला हात धरून नळाकडे घेऊन गेले. तोटी सोडली. पाणी आलं नाही. तो दिवस आड होता.

जोडप्यानं घड्याळ पाहिलं. मी ओटल्यावरून पाहत होतो. मुलीनं नवऱ्याला खुणावलं, ‘मोहल्ला विचार’. मी डोळे मिटून घेतले. मोहल्ल्याचा प्रश्न म्हणजे पॅट्रिक गेडिस.

गेडिस हा स्कॉटलंडचा नगररचनाकार, होळकर दरबारानं त्याला शहराचा आराखडा करायला बोलावलं, 1918मध्ये त्याचा अहवाल दोन खंडांत छापला गेला. हे सगळं खरं. त्या दिवसांत प्लेग होता. गेडिसनं दिवाळीची जंगी मिरवणूक काढली, स्वतः एक दिवसाचा महाराजा होऊन मिरवला, आणि जाहीर केलं की जिथली घरं जास्त झाडलेली-सारवलेली-दुरुस्त केलेली असतील त्या रस्त्यांनी मिरवणूक जाईल. लोकांनी शहर घासून काढलं. मिरवणुकीत प्लेगचा भला थोरला उंदीर होता. हेही खरं. त्यापुढे काका म्हणतात की ती मिरवणूक आपल्या गल्लीतून गेली. गल्ली तेव्हा होती का, हे विचारायची कोणाची टाप नाही. 2017पासून स्वच्छतेत इंदूरचा जो पहिला नंबर येऊन राहिला आहे, त्याचं मूळ या उंदरात आहे असं काकांचं म्हणणं. कचऱ्याची गाडी सकाळी गाणं वाजवत आली की ते ओल्या कचऱ्याची बादली अशा थाटात घेऊन निघतात की गेडिससाहेब वळणावर उभे आहेत.

जोडपं निघालं तेव्हा पावणेएक वाजला होता. घर त्यांना आवडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. ती मुलगी फाटकातून दोनदा वळली. पण पुन्हा यायचं म्हणजे पुन्हा काका.

वहीत त्या दिवशीची नोंद: ‘उत्तम मुलं. ऐकून घेतात. रविवारची वाट बघणे.’ ती वाट काकांनी चार रविवार बघितली.

एक बिल्डरही आला होता. गाडी बाहेर उभी केली, बरोबरच्या पोराला टेप दिला. पोरानं समोरून मोजलं, बाजूनं मोजलं. काका फाटक उघडून उभे. “आत या ना.” तो म्हणाला, “अंकल, अंदर क्या देखना, वो तो सब निकल जाएगा.” भाव मात्र त्यानं चांगला सांगितला होता, काकांच्या आकड्याच्या अगदी जवळ. काकांनी त्याला पोहे विचारले नाहीत. एवढ्या महिन्यांत पोहे न विचारलेला तो एकच माणूस. त्या रात्री मी गेलो तर काका जिन्याच्या सातव्या पायरीवर बसले होते. वहीत काही लिहिलेलं नव्हतं.

मला राहवेना. चौकात चहाच्या ठेल्याजवळ, स्कूटरच्या सीटवर कूस टेकून, आमच्या भागातला जुना दलाल बसलेला असतो. सगळे त्याला भिया म्हणतात. काकांची पाटी तो रोज वाचतो आणि त्याला तिचा राग नाही. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं कट चहा संपवला, कुल्हड नीट डस्टबिनमध्ये टाकला (इंदूर आहे) आणि म्हणाला, “गिराक तो पाटी भी ले आती है भिया. हम पैसा गिराक लाने का थोड़ी लेते हैं. मालिक को चुप रखने का लेते हैं.”

हे मी काकांना सांगितलं. काका हसले. मग आत जाऊन वहीत काहीतरी लिहून आले. नंतर पाहिलं: ‘दलालीचे कारण: मौन. दर जास्त वाटतो.’

फाल्गुन आला. किंमत काकांनी स्वतःहून नऊ लाखांनी खाली आणली, पण ओटल्याचे लाख तसेच. मार्च म्हणजे रजिस्ट्रीची घाई. एक एप्रिलला नवी गाइडलाइन लागते, तिच्याबरोबर मुद्रांकाचा खर्च वाढतो, म्हणून मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत इंदुरात ज्याला घ्यायचं तो घेतो. आणि नेमकी रंगपंचमी. काका गेरमध्ये, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, जात नाहीत. पण राजवाड्याजवळच्या एका मित्राच्या गॅलरीत उभं राहून, पुण्याहून आलेल्या व्याह्यांना, खाली चाललेल्या डीजेवर आवाज चढवून, चार तास गेरचा इतिहास सांगतात. दुसऱ्या दिवशी काकांचा आवाज गेला. बसला नाही, पार गेला. डॉक्टर म्हणाले, पाच दिवस एक अक्षर बोलायचं नाही. काकूंनी डॉक्टरांना पुन्हा विचारलं, “पाचच?”

त्या पाचातल्या दुसऱ्या दिवशी एम.टी. क्लॉथ मार्केटमधले एक व्यापारी आले. बरोबर बायको आणि म्हातारी आई. काका झब्बा घालून, गळ्याला मफलर गुंडाळून, हातात कोरे कागद घेऊन सज्ज. काकूंनी घर दाखवलं. मी बरोबर होतो म्हणून सांगतो, नऊ मिनिटं लागली. “हा हॉल. हे किचन, शेजारी धोने की जगह. पूजाघर इथे. जिना. ऊपर दो कमरे. नल एक दिन छोड़कर आता है, टंकी बड़ी है.” संपलं.

काकांनी भराभर एक कागद लिहून व्यापाऱ्यांपुढे धरला. काकांचं अक्षर चाळीस वर्षं लेखा विभागानं सोसलेलं. पाटी वेगळी, कागद वेगळा. व्यापाऱ्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “क्या लिखा है?” मला दिसत होतं: ‘मागची भिंत. श्रावणात ओल.’

काकू म्हणाल्या, “चाय लेंगे, पूछ रहे हैं.”

दुसरा कागद आला. ‘सातवी पायरी.’ काकू म्हणाल्या, “शक्कर कितनी, पूछ रहे हैं.”

तिसऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत ‘1970’ होतं. व्यापाऱ्यांना ते वाचता आलं. त्यांना वाटलं बांधकामाचं साल. “अच्छा, पुराना काम है, मजबूत होगा,” म्हणाले. काका कळवळून मान हलवत राहिले. 1968, 1968! पण बोटांनी साल कसं दाखवणार? म्हातारी आई तेवढ्यात ओटल्यावर जाऊन बसली होती. रस्त्यानं जाणाऱ्या कोणाला तरी तिनं हाक मारली, तिच्या माहेरची कोणी निघाली, आणि दोघी तिथेच बोलत बसल्या. व्यापाऱ्यांनी आईकडे पाहिलं, मग काकूंना विचारलं, “फाइनल क्या?”

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी ओटल्याकडे पाहिलं, कागदावरचा एक लाख खोडला आणि मान डोलावली. पत्र्याचे सहाशे मात्र ठेवले. बयाणा म्हणून एक लाख अकरा हजारांचा चेक लागलीच झाला.

रजिस्ट्री मार्चअखेरीस झाली. काकांना वाटत होतं, सरकार आणि आपण समोरासमोर. पण हल्ली रजिस्ट्री ऑनलाइन, ‘संपदा’वर, दस्त भरून द्यायला सर्व्हिस प्रोव्हायडर गाठावा लागला. काका त्याच्या टेबलाशी उभे राहून फाटक्या आवाजात कुजबुजले, “हा मधे कोण?” मग हिशेब आला. पन्नास लाखांवरचं घर म्हणून खरेदीदारानं किमतीचा एक टक्का टीडीएस कापलेला. ज्या टक्क्यासाठी सहा महिने घसा कोरडा केला, तोच टक्का! रिटर्न भरताना तो हिशेबात धरला जातो हे विद्युत मंडळाच्या लेखापालाला शिकवायला नको, पण दुःख दुःखच. ते परत येताना रिक्षात बोलले नाहीत. डॉक्टरांचे पाच दिवस तर केव्हाच संपले होते.

संध्याकाळी ओटल्यावर शेवटचे पोहे झाले, काकूंच्या हातचे, दाण्यांचे. आवाज आता बऱ्यापैकी आला होता. काकांनी वही उघडली, डावं पान, उजवं पान, खाली दुहेरी रेघ. “बघ,” ते मला म्हणाले, “विकलं की नाही? एक दलाल मधे न घालता!”

काकू बशी पुसत होत्या. म्हणाल्या, “मग माझे दोन टक्के?”

काका जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग पेनाचं टोपण काढलं, नवीन पान उघडलं.

“एक देईन,” ते म्हणाले. “दुसरा तू समोरच्या पार्टीकडून घेतलाच असशील.”